जनरेटर : घेताना, ठेवताना आणि पहिल्या वीस तासांत

मृगाच्या तोंडावर वावटळ सुटली की मूलमध्ये लाईन गेलीच म्हणून समजावे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधोमध आपले गाव. आजूबाजूला जंगल, आणि तारा त्या जंगलातूनच येतात. सागाची किंवा मोहाची एखादी फांदी तारेवर पडली, तर ती नेमकी कुठे पडली हे शोधण्यातच लाईनमनची रात्र जाते. तिकडे सुमारे ४५ किलोमीटरवर दुर्गापूर-ऊर्जानगरचे महाऔष्णिक वीज केंद्र दिवसरात्र चालू असते. त्याची आजची क्षमता २९२० मेगावॉट आहे. साऱ्या महाराष्ट्राला उजेड पुरवणाऱ्या जिल्ह्यात आपण मेणबत्ती शोधत बसतो, ही गोष्ट गमतीची म्हणावी की दुःखाची, ते ज्याचे त्याने ठरवावे.

२००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाने व्यापाऱ्याचे कंबरडे मोडले होते. तशी रोजची, वेळापत्रक लावलेली अंधारी आज नाही. परंतु वादळाची, बिघाडाची, ट्रान्सफॉर्मर जळण्याची अंधारी आहेच, आणि ती सांगून येत नाही. ईदच्या आधीच्या रात्री टेलरकडे पन्नास जोड शिवून द्यायचे राहिलेले असतात, नेमकी तेव्हाच ती येते. म्हणून आपल्या दुकानदार व कारागीर बंधूंमध्ये छोटा, उचलून नेता येईल असा जनरेटर घेण्याचा विचार वाढला आहे. विचार चांगला आहे. मात्र पैसे मोजण्याआधी चार गोष्टी समजून घ्याव्यात. यातली एक गोष्ट तर पैशाची नसून जिवाची आहे.

पहिला प्रश्न असा की आपल्याला जनरेटर खरोखर हवा आहे का? घरात दोन पंखे, चार एलईडी दिवे, मोबाईल चार्जिंग आणि एक टीव्ही एवढेच चालवायचे असेल, तर बॅटरीचा इन्व्हर्टर पुरेसा आहे. तो आवाज करत नाही, धूर सोडत नाही आणि दोन-चार तास आरामात काढतो. छोट्या पेट्रोल जनरेटरची वीज महाग पडते. पेट्रोल शंभरी ओलांडून बसले आहे, आणि लहान जनरेटर एका युनिटला अर्धा ते पाऊण लिटर सहज पितो. म्हणजे एक युनिट पन्नास ते ऐंशी रुपयांना पडले. त्यामुळे जनरेटर हे रोजच्या वापराचे साधन नव्हे. ते अडचणीच्या दिवसाचे साधन आहे, आणि जिथे मोटर फिरते किंवा माल नासतो तिथेच ते पैसे वसूल करून देते : शिलाईचे दुकान, चिकन-मटणाच्या दुकानातला डीप फ्रीझर, कोल्ड्रिंकचा फ्रीज, झेरॉक्स, घरची पाण्याची मोटर.

काही जण म्हणतील की आम्ही छतावर सोलर बसवले आहे. त्यांच्यासाठी एक सूचना. महावितरणच्या तारेला जोडलेले साधे सोलर, लाईन गेली की आपणहून बंद पडते, मग भर दुपारचे ऊन का असेना. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशी रचनाच केलेली असते. बॅटरी जोडलेली असेल तरच त्याचा अंधारात उपयोग.

आता मोजमाप. दुकानात जाऊन “एक चांगला जनरेटर द्या” असे म्हणणारा गिऱ्हाईक विक्रेत्याला फार आवडतो. आपण तसे करू नये. घरी बसून कागदावर लिहावे : कोणती वस्तू, किती वॉट, किती नग. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर वॉट लिहिलेले असतात. एलईडी ट्यूब २० वॉट, साधा पंखा ७५, मोठा डेझर्ट कूलर २०० च्या आसपास, शिलाई मशीनची छोटी मोटर १०० ते १५०. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, पण एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर प्रत्यक्षात हजार-अकराशे वॉट ओढते, कारण काही शक्ती तिच्यातच खर्ची पडते.

इथपर्यंत सगळे जण बरोबर करतात. चूक होते ती पुढे. मोटर असलेली वस्तू चालू होताना पहिल्या क्षणाला चालू वजनाच्या तिप्पट ते पाचपट वीज मागते. फ्रीज चालताना दीडशे वॉटचा दिसतो, पण कॉम्प्रेसर उठतो तेव्हा काही क्षण सहाशे-सातशे मागतो. पंपाचे तर विचारूच नका. म्हणून हिशेब असा करावा : सगळ्या वस्तूंचे चालू वॉट मिळवावेत, आणि त्यातली जी सर्वांत मोठी मोटर असेल तिचा सुरुवातीचा धक्का वर धरावा. दोन मोठ्या मोटरी एकाच वेळी सुरू करायच्या नाहीत, एक स्थिर झाली की मग दुसरी.

उदाहरण घेऊ. एक टेलर आहे. तीन मशीन दीडशेच्या, दोन पंखे, चार ट्यूब. म्हणजे ४५०, १५० आणि ८०, एकूण ६८० वॉट. एक केव्हीएचा जनरेटर कागदावर चालेल असे वाटते. पण तो सततचे साडेसातशे-आठशे वॉटच देतो, आणि मशीनचे पायडल सारखे दाबले-सोडले जाते, म्हणजे धक्के सारखे बसतात. म्हणून इथे दोन केव्हीएच्या आसपासचा घ्यावा. आणि इस्त्री? विजेची इस्त्री एकटीच हजार वॉट खाते. तिच्यासाठी जनरेटर एक नंबर मोठा घेण्यापेक्षा लाईन नसताना कोळशाची इस्त्री पेटवावी, किंवा मशीन थांबवून इस्त्री करून घ्यावी. वडिलांच्या काळची ती पितळी कोंबड्याची इस्त्री माळ्यावर असेलच. मात्र ती पेटवताना शटर पूर्ण उघडे ठेवावे, कोळशाचा धूरही साधा नसतो.

विक्रेता केव्हीए सांगतो, आपल्याला लागतात वॉट. छोट्या सिंगल फेज जनरेटरवर दोन आकडे असतात. एक कमाल, म्हणजे थोड्या वेळापुरता. दुसरा सतत चालण्याचा, त्याला रेटेड म्हणतात. जाहिरातीत मोठा आकडा मोठ्या अक्षरात असतो. आपण दुसरा आकडा विचारावा आणि त्याच्या पाऊणपटीतच आपले रोजचे वजन बसवावे. आपल्याकडे तर हे जास्तच पाळायला हवे. मे महिन्यात आपला पारा ४५-४६ वर जातो, आणि हवेने थंड होणारे इंजिन तापलेल्या हवेत कागदावरची पूर्ण ताकद देत नाही.

वेल्डिंगवाल्या भावांना आधीच सांगून ठेवतो, साध्या ट्रान्सफॉर्मरची आर्क वेल्डिंग मशीन या छोट्या जनरेटरवर चालत नाही. नव्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनला देखील पाच केव्हीएच्या वरचा लागतो, आणि तो लागेल की नाही हे मशीनच्या पुस्तकात पाहूनच ठरवावे. पिठाची चक्की, राईस मिल हा तर तीन फेजच्या डिझेल सेटचा विषय आहे, आजचा नव्हे.

प्रकार दोन. साधा जनरेटर आणि इन्व्हर्टर-जनरेटर. साध्यात इंजिन नेहमी मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्यांनी फिरते, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला तेवढाच वेग लागतो. वजन कमी असो की जास्त, वेग तोच. इन्व्हर्टर-जनरेटर वजनाप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, म्हणून पेट्रोल कमी पितो, आवाज कमी करतो आणि वीज स्वच्छ देतो. किंमत मात्र बरीच जास्त. मोबाईल दुरुस्ती, कॉम्प्युटर, ऑनलाईन सेवा केंद्र यांचा धंदा असेल तर तो पैसा वाया जात नाही. मोटर आणि दिवेच चालवायचे असतील तर साधा चालतो, पण व्होल्टेज सांभाळणारे एव्हीआर त्यात असावे.

जुन्या वाचकांना आठवत असेल, एके काळी दुकानापुढे श्रीराम होंडा किंवा बिर्ला यामाहाचा छोटा सेट पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर टाकत असत. आता रेशनचे रॉकेल जवळपास संपले. पेट्रोलचाच विचार करावा. घरगुती गॅसची टाकी जनरेटरला जोडण्याचे जुगाड काही जण करून देतात. ते बेकायदा तर आहेच, धोक्याचेही आहे.

सेकंडहँड घ्यावा का? घेऊ नये असे नाही, पण थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेला असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. नळीतून निळा धूर येत असेल तर रिंगा गेल्या असे समजावे. नव्यावर आवाजाच्या मर्यादेचे व प्रदूषणाच्या मंजुरीचे लेबल असले पाहिजे. छोट्या जनरेटरना हे नियम लागू आहेत आणि २०२३ पासून ते आणखी कडक झाले आहेत. जीएसटीचे पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय यंत्र गाडीत चढवू नये. सर्व्हिस देणारा चंद्रपुरात आहे की नागपुरात, हेही आधीच विचारावे. दोरीच्या स्प्रिंगसाठी नागपूरची फेरी करावी लागली तर स्वस्तातला सौदा महाग पडतो.

पैशाचे म्हणाल, तर “बिनव्याजी हप्ता” या पाटीखाली रोखीची सूट गेलेली असते आणि प्रोसेसिंगचे पैसे वेगळे असतात. रोख भाव आणि हप्त्याचा एकूण भाव दोन्ही लिहून घ्यावेत, मग कळते की बिनव्याजी किती बिनव्याजी आहे. ज्यांना व्याजाची शंका आहे त्यांनी कागद दाखवून आलिमसाहेबांना विचारावे. दुसरा मार्ग शिर्कतीचा. लागून लागून तीन दुकाने असतील तर तिघांनी मिळून एक तीन केव्हीएचा घ्यावा. यात भांडण पेट्रोलवरून होते, जनरेटरवरून नाही. म्हणून कोणाचे किती वॉट, पेट्रोलचा वाटा किती, बिघडला तर कोण देईल, हे आधीच कागदावर घ्यावे. देण्याघेण्याची लिखापढी करण्याचा आपल्याला हुकूमच आहे.

आता ती जिवाची गोष्ट. जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरच्या दुर्गापूरला, त्याच वीज केंद्राच्या बाजूला, पावसाळ्याच्या एका रात्री लाईन गेली. एका कुटुंबाने घरातच जनरेटर सुरू केला आणि सगळे झोपले. सकाळी त्या घरातले सहा जण मृत सापडले, त्यात लहान मुलेही होती. आग लागली नव्हती, कोणाला करंट बसला नव्हता. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड हा वायू बंद घरात साठत गेला.

या वायूला रंग नाही, वास नाही. पेट्रोलचा वास येतो तो वेगळा. वास आला नाही म्हणजे वायू नाही असे होत नाही. श्वासातून तो रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. रक्तातील लाल द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि मग झोप येते. जो आधीच झोपलेला आहे त्याला तर काहीच कळत नाही. एक खिडकी उघडी आहे, पंखा चालू आहे, एवढ्याने तो बाहेर जात नाही.

म्हणून जनरेटर घरात नाही, दुकानात नाही, जिन्याखाली नाही, बंद पडवीत नाही, गोठ्यातही नाही. उघड्या जागेत, दार-खिडकीपासून किमान वीस फूट दूर, आणि धुराचे तोंड घराच्या व शेजाऱ्याच्याही उलट दिशेला. शेजाऱ्याच्या खिडकीखाली ठेवून आपले घर वाचवले असे होत नाही, त्याचाही हक्क आहे. ईदच्या आधीच्या रात्री अनेक टेलर शटर अर्धे ओढून काम करतात आणि जनरेटर उंबऱ्याशी ठेवतात. उंबऱ्याशी ठेवलेला जनरेटर अर्ध्या शटरखालून सगळा धूर आत ढकलतो. हे चित्र आपल्या बाजारात मी स्वतः पाहिले आहे, आणि अल्लाहने सांभाळले एवढेच म्हणतो.

लोक आत का ठेवतात? मूर्खपणा म्हणून नव्हे. पाऊस येतो, चोरी होते, आणि मूल, सावली, सिंदेवाहीकडच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत रात्री परसात जायला वाघाची भीती असते. ही कारणे खरी आहेत, म्हणून त्यांचा बंदोबस्त जनरेटर घेण्याआधीच करावा. आपल्याच वेल्डिंगवाल्याकडून अँगल आणि जाळीचा पिंजरा करून घ्यावा. वर उतरता पत्रा, बाजूंनी नुसती जाळी, खाली विटांचा ओटा. पिंजऱ्याला कुलूप, जनरेटरला साखळी. चारही बाजूंना पत्रा लावू नये. मग इंजिन तापते आणि पेट्रोलच्या टाकीजवळ उष्णता साठते. जंगलकाठच्या घरांनी पिंजऱ्यापर्यंत एक चार्जिंगचा दिवा कायम लावून ठेवावा, एकट्याने जाऊ नये, आणि पेट्रोल दिवसाउजेडीच भरून ठेवावे.

कोणाला डोके दुखून चक्कर येऊ लागली आणि जवळ जनरेटर चालू असेल, तर आधी सगळ्यांना उघड्यावर आणावे. जनरेटर बंद करणे त्यानंतर. लगेच दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना “जनरेटरचा धूर” असे स्पष्ट सांगावे, म्हणजे ऑक्सिजनला वेळ लागणार नाही.

जागा ठरली, आता यंत्र सुरू करू. इथे सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या पाच मिनिटांत होते. नवा जनरेटर बहुधा ऑईल न भरता येतो. खोक्यातून काढला, पेट्रोल टाकले, दोरी ओढली, आणि नवे कोरे इंजिन कोरडे घासून गेले, असे घडते. काही यंत्रांत ऑईल कमी असेल तर सुरूच न होण्याची सोय असते, पण तिच्यावर भरवसा ठेवू नये. सपाट जागेवर ठेवून पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचे ऑईल भरावे. लहान यंत्राला साधारण अर्धा लिटर लागते. काडी पुसून, परत घालून पातळी पाहावी. पेट्रोल नुसतेच घालावे. लुना आणि जुन्या स्कूटरची सवय असलेली मंडळी हात आखडत नाहीत, पेट्रोलमध्येही ऑईल ओततात. हे फोर-स्ट्रोक इंजिन आहे, ऑईल त्याच्या वेगळ्या खान्यात जाते.

नवी गाडी घेतली की आपण पहिले काही दिवस सावकाश चालवतो. जनरेटरलाही तसेच लागते, पण पद्धत वेगळी. गाडीत आपण वेग कमी ठेवतो. साध्या जनरेटरचा वेग ठरलेला आहे, तो कमी करता येत नाही आणि करूही नये. वेगाचा जो स्क्रू असतो त्याला मिस्त्रीशिवाय कोणी हात लावू नये, नाही तर व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही बिघडून दुकानातल्या वस्तू जळतील. इथे आपल्या हातात आहे ते वजन. म्हणून नव्या जनरेटरला रुळवायचे म्हणजे त्याच्यावरचे वजन हळूहळू वाढवायचे.

हे का करायचे, ते समजले की चूक होत नाही. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक आडव्या-तिरप्या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा या रेघांवर घासून आपली जागा करून घेतात आणि नंतर हवा कोंडून धरतात. रिंगेला भिंतीशी दाबून धरतो तो इंजिनातल्या जळत्या वायूचा दाब, आणि दाब येतो वजनामुळे. पूर्ण वजन एकदम टाकले तर घासण्याची उष्णता जास्त होऊन रिंगा व भिंत खरवडतात. उलट, “नवे आहे, जपून” म्हणून तासन्‌तास रिकामा चालवला तर दाबच येत नाही, भिंत गुळगुळीत काचेसारखी होते आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. असा जनरेटर पुढे आयुष्यभर ऑईल पितो आणि धूर सोडतो. त्यामुळे फार जपणारा आणि फार दामटणारा, दोघेही शेवटी त्याच मिस्त्रीच्या दारात उभे राहतात.

तर असे करावे. लाईन जाण्याची वाट पाहू नये. सुटीचा एखादा दिवस धरून, लाईन असतानाच, घराच्या वायरिंगला न जोडता, जनरेटरच्या स्वतःच्या सॉकेटवर वस्तू लावाव्यात. चोक ओढून सुरू करावा, सगळे स्विच बंद ठेवून तीन-चार मिनिटे गरम होऊ द्यावा, चोक सोडावा. मग पहिला तासभर पाव ते अर्धे वजन, तेही बदलत : दहा मिनिटे दोन पंखे, मग त्यात कूलर, मग परत कमी. मोठ्या जनरेटरला विजेची इस्त्री हे उत्तम वजन आहे, कारण ती गरम झाली की आपणहून बंद होते आणि परत चालू होते, म्हणजे बदल आपोआप होतो. तासाभराने वजन काढून दोन-तीन मिनिटे रिकामा चालू द्यावा, मग बंद. पूर्ण थंड झाल्यावर ऑईल पाहावे आणि थरथरीने सैल झालेले नटबोल्ट आवळावेत. पहिल्या पाचेक तासांत अर्ध्याच्या वर जाऊ नये. वीस तास होईपर्यंत पाऊणपर्यंत. मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज पाहून घ्यावे, वजन असताना ते २२० ते २४० च्या दरम्यान हवे.

वीस तास झाले, किंवा एक महिना झाला, जे आधी होईल तेव्हा, ऑईल बदलावे. हे टाळू नये. इंजिन कोमट असताना खालचा बोल्ट उघडला की काळसर ऑईलमध्ये बारीक चमचम दिसेल. ती रिंगांनी घासलेल्या धातूची भुकटी आहे, पहिल्या वेळी ती असणारच. बोटाला लागणारे तुकडे असतील तर मात्र वॉरंटी कार्ड काढावे. या छोट्या इंजिनात ऑईल गाळणारा फिल्टर बहुधा नसतो, म्हणून ही भुकटी बाहेर काढण्याचा दुसरा रस्ता नाही. साधारण तीनशे रुपयांचे ऑईल वाचवून तीस हजारांचे इंजिन झिजवू नये. जुने ऑईल नालीत ओतू नये, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यावे. पुढचे बदल पुस्तकाप्रमाणे, पण आपल्या धुळीत एअर फिल्टर मात्र पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर साफ करावा. एक दहा रुपयांची वही जनरेटरजवळ टांगून तिच्यात किती तास चालला, ऑईल कधी बदलले, पेट्रोल किती गेले हे लिहावे. वॉरंटीच्या वेळी हीच वही कामी येते, आणि शिर्कतीचा जनरेटर असेल तर हिशेबालाही.

आता घराच्या वायरिंगला जोडणे. दोन्ही टोकांना पिना लावलेली एक वायर करून जनरेटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसण्याची पद्धत आपल्याकडे आहे. हे करू नये, कोणालाही करू देऊ नये. मेन स्विच पाडायला विसरला, की आपली वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. तिथला ट्रान्सफॉर्मर उलटा चालून २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट करतो. तिकडे तार जोडायला चढलेला लाईनमन लाईन बंद आहे असे समजून हात लावतो. तोही कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप आहे. शिवाय तेवढ्यात खरी लाईन आली तर आपला जनरेटर जळतो. यावर उपाय एकच, लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो एका वेळी एकच बाजू जोडतो, लाईन किंवा जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

पेट्रोल तीस लिटरपर्यंत स्वतःच्या वापरासाठी लायसनशिवाय ठेवता येते, पण पाच-दहा लिटरच्या वर घरात ठेवण्याची गरजच काय? झाकणाचा धातूचा डबा घ्यावा, पाण्याची बाटली नव्हे. चालू किंवा गरम जनरेटरमध्ये पेट्रोल ओतू नये, दहा-पंधरा मिनिटे थांबावे. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते, आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने टाकीत पडलेले पेट्रोल कार्बोरेटर जाम करते. म्हणून जनरेटर नुसता ठेवून द्यायचा असेल तर टाकीचा कॉक बंद करून आतले पेट्रोल संपेपर्यंत चालवावा. पुढे दर महिन्याला एकदा, जुम्म्याच्या नमाजनंतर म्हणा की बाजाराच्या सुटीच्या दिवशी, वीस मिनिटे अर्ध्या वजनावर चालवून वहीत तारीख टाकावी.